घरच्या व्हिडिओ कॅसेट डीव्हीडीवर घ्यायच्यात? आधी फाईल करा, डिस्क मागनं

जुनीफीत

नमस्कार मंडळी. जुन्या कॅसेट डीव्हीडीवर कशा घ्यायच्या हा प्रश्न इथे अधूनमधून कुठल्या ना कुठल्या धाग्यात निघतो आणि उत्तरं सगळी विखुरलेली राहतात, म्हणून एका जागी लिहून ठेवतेय. आमच्या नात्यातल्या बऱ्याच घरांतल्या कॅसेट मी उतरवल्यात, त्यात व्हीएचएस होत्या, कॅमेऱ्यातल्या छोट्या आठ मिलिमीटरवाल्या होत्या, मिनीडीव्ही पण होत्या. त्यातून जे कळलं ते सांगते, जाणकारांनी भर घालावी.

पहिलं म्हणजे हे काम पुढे ढकलू नका. टेप खराब होतेय हे सगळ्यांना माहीत असतं पण टेपच्या आधी ती वाजवणारं मशीन संपणार आहे याकडे कुणाचं लक्ष नसतं. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी म्हणजे जपानची फुनाई, तिनं २०१६ च्या जुलैत उत्पादन बंद केलं. त्यामुळे आज जे काही मशीन मिळेल ते वापरलेलंच असणार, त्याचे रबरी पट्टे सैल झालेले असणार, हेड, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणारी टोकं, झिजलेली असणार, आणि दुरुस्त करणारी माणसंही कमी होत चाललीयत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय फिल्म आणि ध्वनी संग्रहालयानं २०१५ मध्येच सांगून ठेवलं होतं की २०२५ पर्यंत जे टेपवरून उतरवलं नाही ते बहुधा गेलं म्हणून समजा. २०१९ मध्ये युनेस्कोच्या एका कार्यक्रमातूनही जगभरच्या संस्थांना टेपबद्दल असाच इशारा गेला. संस्थांची ही गत तर आपल्या कपाटातल्या खोक्याचं काय.

दुसरं, आणि ह्याच्यासाठीच खरं तर हा धागा काढलाय. बहुतेक जण कॅसेटवरून थेट डीव्हीडी बनवतात किंवा बनवून घेतात आणि काम झालं असं समजतात. तसं करू नका. आधी कॉम्प्युटरवर चांगल्या दर्जाची फाईल करा, ती जपून ठेवा आणि मग त्या फाईलवरून हव्या तेवढ्या डिस्क काढा. डीव्हीडीत चित्र एमपेग-२ मध्ये दाबून बसवलेलं असतं. साध्या ४.७ जीबीच्या डिस्कवर उत्तम दर्जानं साधारण तासभर मावतं, दोन तास घातले तर चालवून घेण्यासारखं असतं, आणि तीन तासांची अख्खी ई-१८० कॅसेट एकाच डिस्कवर कोंबली की चेहऱ्यांवर चौकोन चौकोन दिसायला लागतात. व्हीएचएसच्या चित्रात मुळातच बारीक मुंग्या असतात, त्या प्रत्येक फ्रेममध्ये बदलतात आणि दाबणाऱ्या सॉफ्टवेअरची अर्धी ताकद त्या मुंग्या सांभाळण्यातच जाते. एकदा दाबलं की गेलेलं परत येत नाही आणि तोवर कॅसेट दुसऱ्यांदा चालवायच्या लायकीची राहिली असेलच असं नाही.

साखळी साधी आहे. व्हीसीआर, त्यातून निघणारी वायर, कॅप्चर करणारं, म्हणजे चालू चित्र कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेणारं, यूएसबी उपकरण, कॉम्प्युटर. व्हीसीआरला एस-व्हिडिओचं गोल भोक असेल तर पिवळ्या वायरपेक्षा ते घ्या, रंग आणि उजेड वेगळे येतात त्यामुळे कडांवर रंगाची जी वळवळ दिसते ती कमी होते. लाल आणि पांढरी वायर आवाजाची, ती दोन्हीकडे लागतेच. पालमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत, रेकॉर्ड झालेली कॅसेट ७२० बाय ५७६ लाच घ्या आणि फ्रेमचा वेग २५ ठेवा. शक्य असेल तर हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ सारख्या काहीही न गमावणाऱ्या पद्धतीनं सेव्ह करा, तासाला पंचवीस-तीस जीबी खातं पण हार्ड डिस्क आता कॅसेटपेक्षा सहज मिळते.

आणि कॅसेट लावण्याआधी तिच्याकडे नीट बघा. खिडकीतून रीळ दिसतं, टॉर्च तिरका धरून त्याच्या कडेवर मारा. कड काळी, गुळगुळीत आणि चमकदार दिसली पाहिजे. पांढुरके ठिपके किंवा पिठूळ कडं दिसलं तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट मशीनमध्ये घालू नका, एका बुरशीच्या कॅसेटनं हेड भरतं आणि मग त्यानंतर लावलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला तीच घाण लागते.

---

कातरवेळ

फार गरजेचा धागा. बुरशीवाल्या कॅसेटचं मग करायचं काय? आमच्याकडे एक खोकंभर आहेत आणि त्यातल्या निम्म्यांवर तू म्हणतेस तसे ठिपके आहेत. फेकवत नाहीत, आईबाबांच्या लग्नाची त्यातच आहे.

---

जुनीफीत

@कातरवेळ, फेकू नकोस अजिबात, बुरशी बहुतेक वेळा रिळाच्या कडेवरच असते आणि चित्र आत शाबूत असतं. आधी त्या कॅसेट बाकीच्यांपासून वेगळ्या कर, कोरड्या हवेशीर जागी ठेव. बुरशी ओली असताना काही करायचं नाही कारण ती फासली जाते, वाळली की भुकटी होते आणि मग निघते. साफ करताना नाकातोंडावर मास्क हवाच, ते श्वासात जायला नको. लग्नाची कॅसेट असेल तर मी म्हणेन ती व्यावसायिकाकडं दे, पण देण्याआधी दोन प्रश्न विचार, बुरशी साफ करायला वेगळं मशीन ठेवता का आणि डीव्हीडीबरोबर मूळ फाईल देता का. ह्या दोन्हींना नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरा माणूस शोध.

---

खटपट्या

व्हीसीआर दुरुस्तीत बरीच वर्षं घालवलीयत त्यामुळे हेड साफ करण्याबद्दल लिहितो कारण तिथेच लोक सगळ्यात जास्त नुकसान करतात.

कापसाची काडी घेऊन ड्रम, म्हणजे हेड बसवलेला फिरता गोल, पुसायचा नाही. म्हणजे नाहीच. ड्रमवर हेडचं टोक बाहेर आलेलं असतं ते केसाएवढं बारीक आणि ठिसूळ असतं, कापसाचा धागा त्यात अडकला की टोक तुटतं आणि मग मशीन गेलं. प्लग काढा, वरचं झाकण काढा. मऊ चामड्याचा तुकडा किंवा साधा कोरा कागद घ्या, त्याची घडी करून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, ९९ टक्केवालं घ्या कारण त्यात पाणी कमी असतं. घडी ड्रमला एका जागी हलकेच टेकवून धरा आणि दुसऱ्या हातानं ड्रम वरून हळूहळू फिरवा. हात स्थिर, फिरतो तो ड्रम. वरखाली कधीही घासायचं नाही. कागदावर तपकिरी काळी रेघ येईल, ती म्हणजे टेपवरनं सुटलेलं लोखंडाचं ऑक्साईड. रेघ यायची थांबली की झालं. पूर्ण वाळू द्या, मगच कॅसेट घाला. हा ड्रम पालच्या मशीनमध्ये मिनिटाला १५०० फेरे मारतो त्यामुळे ओला राहिला आणि टेप चिकटली तर काय होईल ते सांगायला नको.

रबराचा जो रोलर टेप पुढे ढकलतो तोही बघा. चकचकीत झाला असेल तर टेप घसरते आणि आवाज डगमगतो.

आणि कॅसेट बरीच वर्षं पडून असेल तर रेकॉर्डिंगच्या आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे पळवून घ्या म्हणजे एकमेकाला धरून बसलेले वेढे मोकळे होतात आणि ताण सारखा होतो. पळवताना कान देऊन ऐका, किरकिर आली किंवा वेग मंदावला तर लगेच थांबवा.

---

अनवट

@खटपट्या, तुटलेल्या टेपचं काय? एक कॅसेट अगदी सुरुवातीलाच तुटलीय, रीळ एका बाजूला मोकळं फिरतंय.

---

खटपट्या

सुरुवातीलाच असेल तर बहुधा टेपच्या टोकाला असतो तो पारदर्शक तुकडा चाकापासून सुटलाय, चित्र त्याच्यावर नसतंच त्यामुळे काळजी करू नका. व्हीएचएसच्या खोक्याला खाली पाच स्क्रू असतात, ते काढा, वरचा भाग सरळ उचला, आतले छोटे खांब आणि स्प्रिंग कुठे काय होतं त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. चाकाला एक क्लिप असते, तिच्याखाली तो पारदर्शक तुकडा परत दाबायचा. तो तुकडा पूर्ण कापून टाकू नका, मशीन त्याच्यातून आरपार येणारा उजेड बघूनच टेप संपली हे ओळखतं.

मधेच तुटली असेल तर जोडायला स्प्लायसिंग टेप, म्हणजे टेप जोडायची खास चिकटपट्टीच हवी. साधी चिकटपट्टी लावली तर तिचा गोंद पाझरतो आणि थेट हेडवर जाऊन बसतो. जोड हेडला न लागणाऱ्या बाजूनं द्या. चित्र तिथे एक क्षण फाटेल, बाकी सगळं वाचेल. हाताला सुती मोजे घाला, बोटांचं तेल टेपवर जाऊ देऊ नका.

---

पाणकणीस

माझा अनुभव सांगते. आम्ही बाहेरून डीव्हीडी करून घेतल्या होत्या आणि सगळी माणसं आडवी सुजलेली दिसत होती, आजी तर ओळखूच येईना. शिवाय कुणी हात हलवला की हाताला कंगव्यासारखे दात फुटायचे. हे का होतं आणि आता काही करता येईल का? कॅसेट अजून आहेत.

---

तारांगण

@पाणकणीस, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसं सुजलेली दिसतात कारण जुनं चित्र ४:३ असतं आणि कुणीतरी ते १६:९ ला ताणलंय. डाव्या उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू देत, ते बरोबर आहे, आख्खा स्क्रीन भरायचा हट्ट नको.

कंगव्याचं कारण असं की टेपवर एक फ्रेम दोन अर्ध्यांत असते, आधी एकाआड एक रेघा आणि मग उरलेल्या. पालमध्ये सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रं येतात. जुन्या टीव्हीवर ती एकामागून एक यायची म्हणून हालचाल इतकी गुळगुळीत दिसायची. आताचा स्क्रीन दोन्ही अर्धी एकदम दाखवतो आणि मधल्या वेळेत हात हललेला असतो म्हणून दात दिसतात. मूळ फाईल तशीच अर्ध्याअर्ध्यांची, म्हणजे इंटरलेस्ड ठेवायची, तिला हात लावायचा नाही. बघण्यासाठी जी वेगळी कॉपी कराल तिच्यात डीइंटरलेस करा, म्हणजे त्या अर्ध्यांची पूर्ण चित्रं करा, आणि करताना ५० फ्रेमची करा, २५ ची नको, नाहीतर अर्धी हालचाल फुकट जाते. क्यूटीजीएमसी नावाची पद्धत ह्यात सगळ्यात चांगली, संथ आहे पण रात्रभर लावून ठेवली की होतं. सोपं हवं असेल तर हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेसचा बॉब हा पर्याय निवडा, बऱ्यापैकी काम होतं. तुमच्या कॅसेट आहेत म्हणजे सगळं परत मिळवता येईल, पुन्हा उतरवा.

बाकी एक. पिवळ्या लाल पांढऱ्या वायरी घेऊन एचडीएमआय देणारी छोटी डबी मिळते, ती कॅप्चरसाठी वापरू नका. ती आतल्या आत चित्र फुगवते आणि अर्ध्या रेघा टाकून देते, आणि मग मागाहून काहीही केलं तरी त्या येत नाहीत.

---

उजळणी

माझं कॅप्चर सुरुवातीला ठीक असतं पण अर्ध्या तासानं ओठ आणि आवाज जुळत नाहीत. वैताग आलाय.

---

तारांगण

फ्रेम गळतायत. टेप म्हातारी झाली की प्रत्येक रेघेची वेळ थोडी मागेपुढे होते, टीव्ही ते चालवून घेतो पण कॅप्चर उपकरण गोंधळतं आणि फ्रेम सोडून देतं, आवाज मात्र चालूच राहतो. ह्यावर औषध म्हणजे टीबीसी, टाइम बेस करेक्टर, जो सिग्नल थोडा वेळ साठवून सरळ करून पुढे देतो. स्वतंत्र टीबीसी मिळणं अवघड आहे पण काही एस-व्हीएचएस (व्हीएचएसचा वरच्या दर्जाचा प्रकार) मशीनमध्ये तो आतच असतो. जुना डीव्हीडी रेकॉर्डर घरी पडला असेल तर त्यालाही मधे लावून बघा, रेकॉर्ड नाही करायचं, सिग्नल फक्त त्याच्यातून पुढे न्यायचा, काही रेकॉर्डरमधून तो बराच शांत होऊन बाहेर येतो. सॉफ्टवेअरमध्ये गळलेल्या फ्रेमचा आकडा दिसतो, कॅप्चर चालू असताना त्याच्यावर डोळा ठेवा आणि कॉम्प्युटरवर त्या वेळी दुसरं काही चालवू नका.

---

माळरान

इथे सगळे फाईल फाईल म्हणतायत ते पटतंय पण डीव्हीडीला इतकं बाजूला टाकू नका अशी विनंती. माझ्या मावशीला फाईल, पेनड्राईव्ह, क्लाऊड काही कळत नाही आणि शिकायची इच्छाही नाही, पण डीव्हीडी प्लेअरमध्ये डिस्क घालून बटण दाबणं तिला बरोबर जमतं. डिस्कवर मेन्यू आहे, त्यात साल आणि प्रसंग लिहिलेत, मोठ्या अक्षरात. ती दुपारची एकटीच लावून बसते. हे तिला फाईलनं दिलं नसतं.

---

जुनीफीत

@माळरान, अगदी मान्य, आणि म्हणूनच मी डिस्क मागनं म्हटलं, नकोच असं म्हटलं नाही. बघणाऱ्याच्या हातात द्यायला डीव्हीडी उत्तम. पण एकुलती एक प्रत डीव्हीडीवर ठेवू नये. घरी बर्न केलेल्या डिस्कमध्ये रंगाचा एक सेंद्रिय थर असतो, त्याच्यावर लेझरनं खुणा होतात, आणि उजेडानं उष्णतेनं तो थर उतरत जातो. बाजारातल्या छापील डिस्कमध्ये असं नसतं, त्यामुळे ती टिकली म्हणून ही टिकेल असं धरू नका.

डिस्क करताना एवढं पाळा. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू घेऊ नका. सर्वात जास्त वेगानं बर्न करू नका, मधला वेग ठेवा आणि झाल्यावर पडताळणीचा पर्याय असतो तो लावा. चिकटणारं लेबल लावू नका, त्यानं डिस्कचा तोल जातो आणि गोंदाचं काय होईल सांगता येत नाही, मऊ टोकाच्या मार्करनं मधल्या पारदर्शक भागावर लिहा. रेकॉर्डरवर केली असेल तर शेवटी फायनलाइझ, म्हणजे डिस्क बंद करून पक्की, करायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या प्लेअरवर ती लागतच नाही. आणि फाईलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. बहिणीकडे एक हार्ड डिस्क ठेवली तरी पुरे.

---

अनवट

कॅमेऱ्यातल्या छोट्या कॅसेटसाठी अॅडॅप्टर मिळतो ना, ज्यात ती घालून व्हीसीआरमध्ये लावता येते?

---

खटपट्या

व्हीएचएस-सी असेल तरच मिळतो, कारण तिच्यातली टेप मोठ्या व्हीएचएसचीच, अर्ध्या इंचाची असते. व्हिडिओ८ आणि हाय८ ची टेप आठ मिलिमीटरची असते, ती व्हीसीआरमध्ये चालणं शक्यच नाही, तसा अॅडॅप्टर म्हणून कुणी काही विकत असेल तर घेऊ नका. त्यासाठी कॅमेराच लागतो. सोनीचे डिजिटल८ कॅमेरे आले १९९९ मध्ये, त्यातली काही मॉडेल जुन्या व्हिडिओ८ आणि हाय८ कॅसेटही वाजवतात आणि फायरवायर नावाच्या वायरीतून थेट डिजिटल बाहेर देतात, असं मॉडेल मिळालं तर सोन्याहून पिवळं.

---

तारांगण

मिनीडीव्हीबद्दल जोडतो. ती मुळातच डिजिटल असते, टेपवर आकडेच लिहिलेले असतात. त्यामुळे पिवळ्या वायरीनं कॅप्चर करणं म्हणजे चांगलं चित्र विनाकारण खराब करणं. फायरवायरनं जशीच्या तशी कॉपी घ्या, तासाला सुमारे १३ जीबी होतं आणि चित्रीकरणाची तारीख वेळही फाईलमध्ये येते, जी पुढे फार उपयोगी पडते. कॅमेऱ्याचं यूएसबी भोक बघून फसू नका, बऱ्याच मॉडेलमध्ये ते फक्त फोटोंसाठी किंवा हलक्या दर्जाच्या व्हिडिओसाठी असतं. नव्या लॅपटॉपना फायरवायर नसतं म्हणून एखादा जुना कॉम्प्युटर ह्या कामापुरता जपून ठेवा.

---

कातरवेळ

उतरवून झाल्यावर कापाकापी करावी का? बाबांनी कॅमेरा चालू ठेवून नुसताच घरभर फिरवलेला भाग खूप आहे.

---

जुनीफीत

मूळ फाईलमधून एक सेकंदही कापू नकोस. तो घरभर फिरवलेला भागच पुढे लोकांना जास्त बघायचा असतो हे मी प्रत्येक घरात पाहिलंय. लग्नाचे विधी सगळीकडे बऱ्यापैकी सारखे असतात, पण भिंतीवरचं कॅलेंडर, कोपऱ्यातलं शिलाई मशीन, मागून कुणीतरी हाक मारतंय तो आवाज, हे दुसरीकडे कुठेच सापडत नाही. कॅलेंडरवरून तर आम्ही एका कॅसेटचं साल काढलं, लेबलवर नुसतं 'घरचे' एवढंच लिहिलं होतं. छोटी कॉपी करायची तर वेगळी कर, ती डीव्हीडीवर घाल.

आणि अजून एक काम जे कॅसेट उतरवण्याइतकंच तातडीचं आहे. मोठ्यांना शेजारी बसवून फाईल दाखव आणि कोण कोण आहे ते लिहून घे. फाईलच्या नावात साल आधी, मग प्रसंग, मग जागा, म्हणजे आपोआप क्रमानं लागतात. आणि बरोबर एक साधी टेक्स्ट फाईल ज्यात मिनिट आणि नावं. लाल साडीतली ती कोण हे सांगणारं माणूस आज घरात आहे तोवर विचारून घे.

---

उजळणी

सगळ्यांचे आभार. डीव्हीडी रेकॉर्डर मधे लावून बघितला आणि आवाज जुळला, पूर्ण कॅसेट नीट उतरली. चित्राच्या अगदी तळाला मात्र एक फाटकी, नाचणारी पट्टी दिसतेय, हा मशीनचा दोष आहे का?

---

खटपट्या

दोष नाही. एक हेड सोडून दुसरं हेड चित्र उचलतं ती जागा आहे ती, सगळ्याच व्हीएचएसमध्ये असते, जुन्या टीव्हीच्या चौकटीमागे लपायची म्हणून कधी दिसली नाही. मूळ फाईलमध्ये राहू दे. बघण्याच्या कॉपीत तेवढ्या तळाच्या रेघा काळ्या करून टाक, चित्राचा आकार बदलू नकोस.

---

पाणकणीस

आणि कॅसेट? उतरवल्यावर टाकून द्यायच्या का?

---

जुनीफीत

लगेच नको. फाईल सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघून झाल्याशिवाय आणि तिन्ही प्रती उघडतायत ह्याची खात्री झाल्याशिवाय तर अजिबात नको. त्यानंतरही जागा असेल तर ठेवाव्यात असं माझं मत. कण्यावरची प्लास्टिकची छोटी पट्टी तोडून टाका म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. पूर्ण मागे गुंडाळून, पुस्तकासारख्या उभ्या, कोरड्या जागी आणि स्पीकरपासून लांब ठेवा. @कातरवेळ, बुरशीवाल्यांचं काय झालं ते इथेच कळव, वाळवल्यावर ठिपके कसे दिसतायत त्याचा फोटो टाकलास तर खटपट्या बघून सांगतील.